पायगाडीवरची सुधारलेली उत्तरे

सायकल प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी मी तिच्यावरची इंग्रजी उत्तरे सुधारून देत होतो. यात मला तेव्हा काही विचित्र वाटले नाही. न पाहिलेल्या बऱ्याच वस्तूंवर आम्ही शाळेत उत्तरे देत असू: बर्फ, समुद्र, राणी. सायकल त्यात आणखी एक. तेव्हा तिला सायकल हे नावही मिळाले नव्हते. आम्ही पायगाडी म्हणत असू.

कापसाच्या तेजीची ती शेवटशेवटची वर्षे. अमेरिकेतली लढाई संपून भाव उतरले होते, पण भाव उतरला म्हणून थाट उतरत नसतो. कोणी साहेब फिरतीवर निघाला की गावोगाव आंब्याच्या पानांच्या कमानी उभ्या राहत आणि सगळ्या कमानींवरचे इंग्रजी एकाच जागी चुकलेले असे. तेजीत आमच्याकडच्या शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना लोखंडी पट्टीच्या जागी चांदीच्या धावा बसवल्या, असे आजही मोठ्या खात्रीने सांगतात. मी जन्मभर विचारत आलो. ते चाक पाहिलेला माणूस मला भेटला नाही. पाहिलेल्या माणसाला ओळखणारे मात्र पुष्कळ भेटले.

बडनेऱ्यापर्यंत आगगाडी आली होती. तिच्यातून साहेबलोकांची खोकी येत. अकोल्याच्या एका कचेरीच्या साहेबाने विलायतेहून पायगाडी मागवली, ही बातमी अमरावतीला पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. त्याच साहेबाच्या कचेरीत इंग्रजी कारकुनाची एक जागा निघाली होती. लेखी परीक्षा झाली होती. तीत अमरावतीचे दोघे पास झाले, एक मी आणि एक माझा वर्गसोबती. उरली होती ती तोंडी परीक्षा, पाडव्याच्या आधी आठ दिवस. जागा एकच आहे हे आम्हा दोघांना ठाऊक होते आणि आम्ही त्याविषयी बोलत नव्हतो.

हा सोबती माळ्याचा मुलगा. बडनेऱ्याच्या वाटेवर त्यांचा मळा होता. तेजीत आसपासच्यांनी वांगी-मिरच्या उपटून कपाशी लावली तेव्हा त्याच्या वडिलांनी लावली नाही आणि त्याबद्दल त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. आमचे घराणे पुण्याकडून आलेले. वडील आदल्या पावसाळ्यात पटकीने गेले. तेव्हापासून मी जेवत होतो, वाचत होतो, विचारलेल्याचे उत्तर देत होतो. यापलीकडे त्या वर्षाबद्दल मला फारसे सांगता येणार नाही. त्याच्या मळ्यातली भाजी आमच्या घरी येत असे. माझे इंग्रजी त्याच्यापेक्षा बरे होते. त्याने विचारले, उत्तरे तयार करून देतोस का. मी हो म्हणालो.

प्रश्न आम्हाला आधीच कळले होते. साहेब दुसरे काही विचारतच नसे. आदल्या खेपेला नापास झालेल्या एका अकोलेकराने ते ओळीने लिहून पाठवले होते. आधी किरकोळ: तुमच्या गावात अशी गाडी आहे का, तुम्हाला ती चालवायला आवडेल का. मग उभे राहून, साहेब हात वर करीपर्यंत, तिचे वर्णन. शेवटी वाद: या देशाला तिचा उपयोग होईल की नाही. आमच्याजवळ एका विलायती साप्ताहिकातले चित्र होते. एकापुढे एक दोन लाकडी चाके, मध्ये खोगिरासारखी बैठक, पुढच्या चाकाला पायाने फिरवायचे दांडे, आणि वर बसलेला माणूस, ज्याच्या चेहऱ्यावर काहीही विशेष घडत नसल्याचा भाव.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर साहेब होऊन बसलो आणि त्याने स्वतःच्या मनाने उत्तर दिले. दिले इंग्रजीत, इथे मराठीत लिहितो, कारण आमचे तेव्हाचे इंग्रजी आज मला कागदावर उतरववत नाही.

"साहेब, मी ही गाडी पाहिली नाही, चित्र पाहिले आहे. आमच्या काळ्या जमिनीला फाल्गुनात भेगा पडतात. त्यात हिचे चाक अडकेल आणि माणूस तोंडावर पडेल. पावसाळ्यात चिखल चाकाला चढेल. तेव्हा माणूस गाडीवर बसणार नाही, गाडी माणसाच्या डोक्यावर बसेल. गाडी चांगली आहे. आधी रस्ता करा."

"हे उत्तर नाही," मी म्हणालो. "ही तक्रार आहे."

"खरं हाय नं पन?"

"खरे असून काय उपयोग? ज्याने ती हौसेने मागवली त्यालाच तू सांगणार की ती तोंडावर पाडते?"

"पाडीन तं पाडते म्हनीन. का मुका घेते म्हनू?"

"आरोहकास इजा संभवत नाही, असे म्हणायचे."

"कोनाले?"

"वर बसणाऱ्याला."

"बाप्पा! मास्तर, तुयं तं मराठी बी इंग्रजीच हाय."

तो मला मास्तर म्हणे आणि अरे-तुरे करी. शाळेत शिकवलेली सुधारण्याची रीत मी त्याला लावली. तीन वाक्यांपेक्षा लहान उत्तर म्हणजे उद्धटपणा. नाही हा शब्द वापरायचा नाही. नाही म्हणायचेच असेल तर अद्यापि म्हणायचे. मोठा शब्द मिळत असेल तर लहान शब्दाचे तोंड बघायचे नाही. आमच्या हेडमास्तरांनी याच रीतीने वर्षानुवर्षे मुलांच्या उत्तरांतले मूल काढून टाकले होते, आणि माझे काढल्याला फार दिवस झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर असे झाले: "ही अद्भुत गाडी मानवी बुद्धीचा विजय होय. ती आरोग्यास अत्यंत पोषक आहे. तिच्यापासून आरोहकास कदापि इजा संभवत नाही. अमरावती नगरी अद्यापि या भाग्यास मुकलेली आहे. तथापि उदार सरकारच्या छत्राखाली तोही सुदिन उगवेल." एकूण सोळा वाक्ये झाली. जमिनीचे, भेगांचे, चिखलाचे त्यात काही राहिले नाही. मला ते उत्तर पसंत पडले. दुसऱ्याच्या तोंडात आपले शब्द बसवण्यात एक प्रकारचे सुख असते. त्या वर्षी मला जाणवलेले ते बहुधा तेवढेच.

पाठ करायला त्याच्याकडे निराळा वेळ नव्हता. तो मोट हाकताना पाठ करी. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: बैल उताराच्या धावेवरून खाली चालत जातात आणि कातड्याची मोट पाणी भरून वर येते. ती थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, रिती झाली की बैलांना उलट्या पावलांनी धाव चढवून पुन्हा काठाशी आणावे लागते. खाली जाताना हाकणारा दोरावर बसून गातो. वर येताना गात नाही. तेव्हा लक्ष बैलांत असते. माझ्या सोबत्याने गाण्याच्या जागी पायगाडी घातली. बैल उतरू लागले की एक वाक्य. बैल मागे येत असताना गप्प. पुन्हा उतरू लागले की पुढचे वाक्य. सोळा खेपांत उत्तर पुरे होई आणि वांग्याचा एक वाफा भिजे.

त्याचे वडील पाटाचे पाणी वळवत असत. एकदा ते फावडे टेकून मला म्हणाले, "बईलं बी शिकले आता इंग्रजी. यायलेच धाडू का अकोल्याले?"

"धाडा," सोबती दोरावरून म्हणाला, "पन टोपी घालून धाडजा."

वडील हसले नाहीत. "हे पाय," ते म्हणाले, मुलाला, पण माझ्याकडे बघत, "पाडव्याले सालदार ठेवा लागते. नोकरी लागली तं ठेवतो एखादा. नाई लागली तं कायले ठेवू? घरचा हायेच. मंग दरसाली इच्यार करत नाई बसत मी."

आमच्याकडे सालदाराचे वर्ष पाडव्याला सुरू होते. त्या दिवशी जो वर्षभराच्या कामाला लागला तो लागला. माझ्या सोबत्यासमोर काय होते ते इतके साधे होते: अकोल्याची खुर्ची, नाहीतर दोर.  बैल मागे येत होते.

उत्तर मोटेच्या चालीवर बसले आहे, हे मला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कळले होते. जमिनीवर उभे राहून म्हणतानाही तो एक वाक्य म्हणून थांबे, बैलांना मागे यायला लागेल तितका वेळ, मग पुढचे म्हणे. मला त्याची गंमत वाटली. घरी आईला ती सांगितली. त्याला सांगितली नाही.

परीक्षेच्या दिवशी दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, बडनेरा आणि तिथून आगगाडीने अकोला. त्याने कोणाचा तरी काळा कोट मागून आणला होता. माझ्या डोक्यावर वडिलांची पगडी होती. ती मला सैल होई म्हणून आत फडके घातले होते. डब्यात त्याने पूर्ण उत्तर दोनदा म्हणून दाखवले. बाजूच्या बाकावरच्या कापसाच्या दलालाने विचारले, "कोनतं स्तोत्र हाय हो हे?" सोबती म्हणाला, "नोकरीचं."

कचेरीच्या ओसरीवर उमेदवारांसाठी बाक मांडला होता. पितळी बिल्ल्याचा चपराशी दारात असा उभा होता की इमारत त्याच्यावरच टेकली आहे. खांबाला टेकून पायगाडी ठेवलेली होती. ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिच्या पुढच्या चाकाचे दोन आरे मोडले होते आणि लोखंडी धाव एका बाजूने निखळून वर आली होती.

सोबती उठून जवळ गेला. चाकाच्या फटीत बोट घालून त्याने वाळलेल्या काळ्या मातीचा खडा काढला.

"हे काय झालं जी?" त्याने चपराशाला विचारले.

"परवा साहेब मोर्णेच्या काठानं गेलता," चपराशी हलक्या आवाजात म्हणाला. "भेगेत घुसलं चाक. हात गळ्यात बांधून हाय. त्या गाडीचं नाव नका घेऊ म्हनतो मी, पन तोच घेते."

सोबती माझ्याकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "मास्तर, आपलं थे वाक्य. इजा होत नाई म्हनून. थे काढू का? का माह्यं पैलंच सांगू, भेगाचं?"

मी बाकावर बसलो होतो. समोर नदीच्या बाजूने धूळ उडत होती. "काही बदलू नकोस," मी म्हणालो. "एक वाक्य काढलेस तर सगळे मोडेल."

हे खरे होते. त्याचे पाठांतर साखळीसारखे होते. कडी काढली असती तर पुढचे हाती लागले नसते. जागा एकच होती, हेही खरे होते. यातले कोणते मला आधी सुचले ते मी पुष्कळदा आठवून पाहिले आहे. आठवत नाही. मी आवाज चढवला नाही, नजर चुकवली नाही. पाणी मागितल्यावर लोटा पुढे करावा तसे ते वाक्य मी दिले.

त्याचे नाव पुकारले गेले. तो आत गेला. दाराला नुसता पडदा होता. आतले सगळे ओसरीवर ऐकू येई.

साहेबाने किरकोळ काही विचारलेच नाही. बाहेरची गाडी पाहिलीस का, असे विचारले आणि म्हणाला, तिच्याविषयी बोल.

"ही अद्भुत गाडी मानवी बुद्धीचा विजय होय," माझा सोबती म्हणाला. आवाज स्वच्छ होता. मग तो थांबला.

मी मनात मोजत होतो. बैल अर्ध्या धावेवर आले असतील इतक्यात साहेबाला वाटले उत्तर संपले. "विजय?" तो म्हणाला. "बरे. तुझ्या घरी शेती आहे का?"

"ती आरोग्यास अत्यंत पोषक आहे."

"असेल. जमीन कोणत्या प्रकारची?"

पुन्हा थांबणे. साहेबाच्या खुर्चीचा आवाज झाला. "मी विचारले, जमीन कसली?"

"तिच्यापासून आरोहकास कदापि इजा संभवत नाही."

 मला साहेब दिसत नव्हता; त्याचा गळ्यातला हातही दिसत नव्हता. पण त्याच्याजवळ बसलेला शिरस्तेदार, म्हणजे कचेरीचा मुख्य कारकून, खोकल्याचे ऐकू आले, आणि तो खोकला मुद्दाम आणलेला होता.

"तुला हे कोणी शिकवले?" साहेबाने विचारले.

याचे उत्तर सोळा वाक्यांत नव्हते. तो पुढे बोलेपर्यंत चार मोटा रित्या झाल्या असत्या. माझे नाव त्याने घेतले नाही. मग म्हणाला, "अमरावती नगरी अद्यापि या भाग्यास मुकलेली आहे." साहेब म्हणाला, "जा."

तो बाहेर आला आणि बाकावर माझ्याच जागी बसला, कारण मला आत बोलावले होते.

साहेब तांबूस चेहऱ्याचा, थकलेला माणूस होता. डावा हात पांढऱ्या फडक्यात. त्याने मला तोच प्रश्न विचारला, गाडीविषयी बोल. माझेही एक उत्तर तयार होते, सोबत्याच्यापेक्षा बरेच लांब, त्यात दोन लॅटिन शब्द होते. ते मी म्हटले नाही. मी म्हणालो की गाडी चांगली आहे, पण आमच्या काळ्या जमिनीला फाल्गुनात भेगा पडतात. त्यात हिचे चाक अडकते आणि माणूस तोंडावर पडतो. पावसाळ्यात चिखल चाकाला चढतो, तेव्हा माणसालाच गाडी डोक्यावर घेऊन चालावे लागेल. म्हणून आधी रस्ता करावा. क्रियापदे मी नीट लावली. तेवढीच माझी भर.

साहेब हसला. हसताना त्याचा हात दुखला असावा, कारण तो मध्येच थांबला. शिरस्तेदाराकडे वळून म्हणाला, "चला, एक तरी डोळे उघडे असलेला माणूस आला." मी तोवर शेतातल्या भेगेत कधी पाऊल घातले नव्हते. आमचे घर फरसबंद आळीत होते.

ओसरीवर सोबती तसाच बसला होता. पडदा त्याच्यासाठीही तितकाच पातळ होता. दुपारी चपराशाने यादी आणून भिंतीला लावली. तिच्यावर एकच नाव होते. त्याने ते वाचले, मग मी वाचले.

परतीच्या गाडीने मूर्तिजापूर मागे टाकले. खिडकीतून उपटलेल्या कपाशीची शेते दिसत होती. मग तो म्हणाला, "चांगलं बोलले तुमी."

तुमी हे त्याने कधी सुरू केले ते माझ्या लक्षात आले नव्हते. बहुधा तिथेच.

"ते तुझे होते," मी म्हणालो.

"आयकलं मी. रस्त्याचं बी घेतलं तुमी शेवटी. थे मले आवडलं."

"मी पुढच्या वेळी तुला..."

"राहू द्या." त्याने कोटाची गुंडी काढली, पुन्हा लावली. "मले एक सांगा. बदलू नको म्हनलं, थे काहून?"

"पाठ मोडेल म्हणून."

"हं," तो म्हणाला. पुष्कळ वेळ तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, एखादा शब्द आठवत नसला की बघतात तसे. मग म्हणाला, "मोडलंच असतं म्हना."

बडनेऱ्याला उतरल्यावर त्याने कोट काढून घडी केला आणि पायी जातो म्हणाला. मळा वाटेवरच होता. मी दमणीत बसलो. थोड्या वेळाने दमणी त्याच्या बाजूने पुढे गेली. गाडीवानाने बसता का म्हणून त्याला विचारले. त्याने मानेने नको म्हटले.

घरी आल्यावर आईने देवापुढे साखर ठेवली. मला काही वाटले नाही. काही वाटायला हवे होते, हे पुढे कधीतरी, दुसऱ्याच कशाच्या निमित्ताने, लक्षात आले. पाडव्याला त्यांच्या मळ्यावर सालदार ठेवला गेला नाही, हे मला भाजी घेऊन आलेल्या बाईने सांगितले. ती त्यांची शेवटची भाजी. त्यानंतर आम्हीच अकोल्याला राहायला गेलो.

पुढल्या वर्षी त्याच कचेरीत आणखी एक जागा निघाली. साहेब बदलला होता आणि पायगाडी जुना साहेब जाताना कोणाला तरी देऊन गेला होता. उमेदवारांचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. त्यांत त्याचा होता. स्वतःच्या हाताने लिहिलेला, चार ओळींचा. मी काही दुरुस्त्या करू शकलो असतो. एक स्पेलिंगही चुकले होते. तो जसा होता तसा मी पुढे पाठवला आणि त्याचे नाव तोंडी परीक्षेच्या यादीत आले.

परीक्षेच्या दिवशी चपराशी आजारी होता म्हणून नावे मी पुकारली. कचेरीची पद्धत अशी की पायरीवर उभे राहून नाव तीनदा घ्यायचे, मगच माणूस आला नाही असे धरायचे. त्याचे नाव सहावे होते. बाकावर बसलेल्यांत तो नव्हता हे मला दिसत होते, तरी मी ते पहिल्यांदा घेतले. उन्हात फाटकाशी दोन माणसे उभी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा आपसांत बोलू लागली. दुसऱ्यांदा घेतले. मी पायरी उतरून फाटकापर्यंत गेलो. स्टेशनचा रस्ता तिथून सरळ दिसे. सकाळची गाडी येऊन गेली होती आणि रस्त्यावर कोणी नव्हते. तिथे उभा राहून मी ते तिसऱ्यांदा घेतले, रस्त्याच्या दिशेने, मोठ्याने. बाकावरचे उमेदवार बघत होते.

मग परत पायरीवर येऊन नावापुढे गैरहजर लिहिले आणि पुढचे नाव पुकारले. तो माणूस पहिल्याच हाकेला उठला.